विठाला ठाण्याला न्यायचं आहे

सोनिवली, ८ ऑगस्ट १९९०

अनंता,

वर आशीर्वाद लिहावा की नाही, या विचारात बराच वेळ नुसतं पेन धरून बसलो. तू निघालास तेव्हा पाया पडला नाहीस आणि मीही हात वर केला नाही. पण तो राहिलेला आशीर्वाद माझ्यापाशीच आहे. तो आधी घे, मग पुढचं वाच.

विष्णुपंतांच्या भातगिरणीवर रेडिओ असतो, तुला ठाऊक आहे. शुक्रवारी पट्टा तुटला म्हणून गिरणी बंद होती आणि बातम्या ऐकू आल्या. तू गेलास त्या कुवेतचं नाव आलं तेव्हा मी कोंडा भरत होतो. विष्णुपंत म्हणाले, घाबरू नकोस महिपती, इराकचं सैन्य दोन दिवसांत परत जाईल. ते प्रत्येक गोष्टीला दोन दिवस म्हणतात. गिरणीची मोटर जळली होती तेव्हाही म्हणाले होते, आणि आपण तो सबंध हंगाम उखळात भात कांडला.

बदलापूरच्या पोस्टात गेलो. निळं परदेशी पत्र लिहून नेलं होतं. खिडकीवरच्या माणसाने पत्ता वाचला आणि पत्र हळूच परत सरकवलं. तिकडची टपाल बंद आहे म्हणाला. लिहून ठेवा, सुरू झाली की टाका. म्हणून लिहून ठेवतो आहे.

विठा ठीक आहे.

असं लिहिलं खरं, पण मी तिला पाहिलेलं नाही. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. मी भासरा, तुझा थोरला भाऊ. तिने माझ्यासमोर यायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही. आई होती तोवर अडत नव्हतं. विठा आईला म्हणायची, दादांना सांगा मीठ संपलंय, आणि मी तिथेच बसलेला असलो तरी आई वळून मला म्हणायची, मीठ संपलंय रे. फाल्गुनात आई गेली. तूही निघून गेलास, तेव्हापासून काही संपलं की विठा त्याचा रिकामा डबा उंबऱ्यावर ठेवते. मिठाची बरणी, रॉकेलचा डबा. मी भरून आणतो आणि तिथेच ठेवतो. माझं ताट वाढून, झाकून ती आत जाते. मी जेवतो, ताट उंबऱ्याशी सरकवतो. असे दिवस चालले आहेत.

वैशाखात तू जायला निघालास तेव्हा मी म्हणालो होतो, तू गेलास तर या घरात तिच्याशी बोलायला माणूस कोण? तू म्हणालास, तुला कशाला काळजी? तुला माणूस लागतच नाही, वहिनी गेल्यापासून तू भिंत झालास. ते मी मनावर घेतलेलं नाही. नुसतं आठवलं म्हणून लिहिलं.

परवा उंबऱ्यावर तुझा ट्रान्झिस्टर होता. सेल संपले होते. नवे आणावेत की नाही, कळेना. शेवटी आणले.

एक सांगायचं होतं. शनिवारपासून ती दोन ताटं वाढते. एक माझं, एक तुझं. मी तुझ्या ताटाशेजारी बसून जेवतो.

महिपती


सोनिवली, १९ ऑगस्ट १९९०

अनंता,

श्रावण संपत आला. रोज दिवेलागणीला देव्हाऱ्यासमोर पोथी वाचतो. विठा स्वयंपाकघराच्या दाराआड बसून ऐकते. ती बसली आहे हे मला बांगड्यांवरून कळतं. तुझी पत्रं यायची तीही मी तिथेच बसून, त्याच आवाजात वाचायचो. ती पाकीट देवापुढे ठेवायची, मी उघडायचो. तू नवऱ्याने बायकोला लिहावं तसं लिहिलेलं असायचं आणि मी ते देवाकडे तोंड करून वाचायचो. मला ओशाळल्यासारखं व्हायचं. पण तिला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला घरात बोलावून वाचून घेणं तिला नको होतं.

गेल्या आठवड्यात ताटं जशीच्या तशी बाहेर यायला लागली. तुझं तर भरलेलंच असायचं. पण तिच्या ताटातलंही कुत्र्याला जात होतं, ते मी परसातून पाहिलं. सकाळी मी तोंड धुवायला उठायच्या आधी अंगण झाडलेलं असतं, संध्याकाळी परत झाडलेलं, आणि दुपारी मी गिरणीवरून आलो तर तेव्हाही ती झाडतच असते. मला पाहून आत पळते, झाडू तिथेच पडलेला. शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, पोर कोंबडीशी बोलते रे दिवसभर. बाहेरचं काही लागलंय का बघ.

बाहेरचं काही नाही हे मला माहीत होतं. तुझी वहिनी बाळंतपणात गेली तेव्हा तू दहा-बारा वर्षांचा असशील. मीही तसाच झालो होतो. लोक म्हणायचे, महिपती बोलत नाही. पण बोलू कोणाशी? आई काही बोलली नाही. तिने भिजवलेल्या वालांची परात माझ्यापुढे ठेवली आणि समोर बसून वाल सोलायला लागली. रोज. घरात त्या वर्षी बिरड्याशिवाय काही शिजलं नसेल.

म्हणून मी वाल आणले, भिजवले, मोड आल्यावर परात उंबऱ्यावर ठेवली. सकाळी पाहिलं तर सगळे सोलून पांढरेस्वच्छ. बिरडं झालं. दोन ताटं.

मग त्या संध्याकाळी अध्याय संपल्यावर मी पोथी मिटली नाही. देवाकडे पाहून म्हणालो, "देवा, रेडिओ सांगतो की माणसांना विमानाने परत आणताहेत. आपला अनंताही त्या रांगेत असेल. रांग मोठी आहे. उपाशी माणसाला वाट पाहणं जमत नाही."

दाराआड काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आरती झाल्यावर आतून आवाज आला. फार हळू. ती दिव्याशी बोलत होती.

"दिव्या, देवाला सांग, घास उतरत न्हाई. घशात कोंडा भरल्यागत होतं."

मी गिरणीतला माणूस. कोंडा घशात गेला की कसं होतं, ते मला कोणी सांगायला नको. मी देवाला म्हणालो, पेज उतरते. आधी पेज. मीठ घालून.

तेव्हापासून रोज थोडं बोलणं होतं. मी देवाशी, ती दिव्याशी. देवाला टपालवाला केला म्हणून मला वाईट वाटलं आणि शनिवारी एक नारळ ठेवला. पण त्याचीही काही हरकत दिसत नाही. पेज ती घेते आहे.

महिपती


सोनिवली, ४ सप्टेंबर १९९०

अनंता,

गणपती झाले. लहान मूर्ती आणली होती. आरतीला मीच, टाळही मीच.

विठा चार दिवस हवापालटाला गेली आहे. बारवी धरणाच्या बाजूला ठाकरांची वाडी आहे, तिथे चंद्री म्हणून बाई राहते. आपल्याकडे पानांचे भारे घेऊन यायची, आई तिला चहा द्यायची, ती. तिच्याकडे आहे. मजेत आहे.

ठाण्याला कलेक्टर कचेरीत आखातात अडकलेल्यांची नावं लिहून घेतात असं कळलं. घरच्या माणसाने, बायकोने जावं लागतं. जाणार आहोत.

आज जास्त लिहीत नाही. घरात एकच ताट वाढायचं असलं की किती भात लावावा, याचा अंदाज येत नाही.

महिपती


सोनिवली, ९ सप्टेंबर १९९०

अनंता,

मागच्या पत्रात हवापालट लिहिलं ते खरं नव्हतं. हे पत्र पोस्टातही जाणार नाही, तरी मी तुझ्याशी खोटं का लिहिलं, कळत नाही. आता नीट लिहितो.

श्रावण संपला तरी मी पोथी चालू ठेवली होती. विठाशी बोलायला दुसरी वाट नव्हती. गेल्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी विष्णुपंतांनी कचेरीचं सांगितलं. मला एवढा आनंद झाला की त्या संध्याकाळी अध्याय अर्धाच ठेवला आणि देवाला सांगितलं. जे शब्द बोललो ते जसेच्या तसे लिहितो, कारण सगळं त्या शब्दांमुळे झालं.

"देवा, सोमवारी विठाला ठाण्याला न्यायचं आहे. तिथल्या साहेबापुढे तिला स्वतः उभं राहावं लागेल. कागदावर अंगठा तिचाच हवा. एकदा तिथे नाव लागलं की आपला घोर मिटला."

आता तूच वाच. आपल्याकडे कोणाला ठाण्याला नेलं म्हणतात तेव्हा काय समजतात?

मला ते सुचलंच नाही. माझ्या डोक्यात कलेक्टर कचेरी. आणि आतल्या अंगाला दाराआड बसलेल्या पोरीला ठाणं म्हणजे एकच, ते वेड्यांचं मोठं इस्पितळ. त्यातून त्याच सकाळी कौसाबाई विहिरीवर तिला म्हणाल्या होत्या, अशीच बडबडत राहिलीस तर तुझा भासरा तुला ठाण्याला पोचवील बघ. बाईचं मन वाईट नाही, तिला वाटलं चेष्टेने हसेल. हे मला नंतर कळलं.

दिव्याने उत्तर दिलं नाही. मी समजलो, कबूल आहे.

सकाळी माझं ताट वाढून, झाकून ठेवलेलं. एकच ताट. मला बरं वाटलं. म्हटलं, सावरली पोर. उंबऱ्यावर कोठीची किल्ली होती. रिकामा डबा असता तर कळलं असतं काय आणायचं ते. किल्लीचा अर्थ लागेना. कोठीत जाऊन पाहिलं, तांदूळ होता, तूरडाळ होती, सगळं होतं. किल्ली खुंटीला अडकवून मी गिरणीवर गेलो. मी भाकरी खाल्ली, अनंता. पोटभर खाल्ली.

दुपारी चंद्रीचा नवरा नवसू गिरणीच्या दारात येऊन उभा राहिला. मशीन चालू होतं, मला ऐकू येईना. त्याने मला हाताला धरून बाहेर नेलं.

"तुमची बाय आमच्याकडं हाय," म्हणाला. "चंद्री म्हनली, नुसतं सांगून ये, घेऊन येऊ नको."

मी त्याच्या मागोमाग गेलोच.

चंद्री मला अंगणातच आडवी आली. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. ती पानं घेऊन खाली उतरत होती, तर नदीच्या काठाला विठा बसलेली. पुराचं पाणी होतं. चपला बाजूला काढून ठेवलेल्या, देवळात जाताना ठेवतात तशा. चंद्री शेजारी जाऊन बसली. काय बघतेस विचारलं, तर बोलेना. मग चंद्री म्हणाली, पाणी गढूळ हाय बाय, यात तोंड बी दिसायचं न्हाय. आणि पानांचा भारा तिच्या डोक्यावर दिला. म्हणाली, माझी मान दुखते, वाडीपर्यंत पोचव. विठाने भारा घेतला आणि चालायला लागली. वाटेत फक्त एवढंच बोलली, मला ठाण्याला नेणार आहेत, मला घरी जायचं न्हाई.

मी चंद्रीला म्हणालो, अगं, ठाण्याला म्हणजे कलेक्टर कचेरीत. अनंताचं नाव लिहायला.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली, पण तिचे डोळे पाण्याने भरले होते. "मंग कचेरी म्हना ना, दादा. ठाणं म्हनलं की आमची पोरं बी रडायची थांबतात."

झोपडीच्या आत विठा होती. पाठमोरी. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. देव नव्हता, दिवा नव्हता, पोथी नव्हती. मी तिला नावाने हाक मारली. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून पहिल्यांदा.

"विठा, मी कचेरी म्हणत होतो. इस्पितळ नाही. अनंताची शपथ."

पाठमोरीच ती चंद्रीला म्हणाली, "यांना सांग, माझं डोकं फिरलेलं न्हाई."

"तूच सांग," चंद्री म्हणाली. "तो काय उभा हाय. मी काय पोस्टाचा डबा हाय?"

विठाने पदर आणखी पुढे ओढला. निघताना चंद्रीला विचारलं, मी हिच्याशी काय बोलू, म्हणजे हिला बरं वाटेल? ती म्हणाली, "बोलायचं काय असतं? आमच्याकडं बाईवर असं काय आलं तर तिला एकटी निजू देत न्हाय. चौघी चारी अंगांना निजतो. तिचा श्वास वर-खाली झाला का आमाला कळतं."

मी परत आलो तो नदीच्या वाटेने. चपला अजून तिथेच होत्या. त्या घेऊन आलो. उंबऱ्याच्या आत ठेवल्या आहेत.

महिपती


सोनिवली, ३० सप्टेंबर १९९०

अनंता,

काल दसरा झाला. आपट्याची पानं तुझ्या फोटोपुढे ठेवली.

विठा घरी आहे. आणि एकटी नाही. चंद्रीला मी निरोप धाडला होता की बांधावरचं गवत कापायचं आहे, वाडीवरच्या बायका घेऊन ये, राहायला घरीच या. गवत कापायचं होतंच, पण एवढं काही नव्हतं, हे चंद्रीला बांधावर पाऊल ठेवताच कळलं. काही बोलली नाही. विळा बाजूला ठेवून आधी चहा मागितला. ती, तिची जाऊ राही आणि दोघींची सासू नवसी, तिघी विठाला घेऊन आल्या. विठासकट चौघी आतल्या खोलीत निजतात. विठा मधे.

मला घरात निजणं बरं दिसेना. गिरणीवर निजायला जातो. विष्णुपंतांनी विचारलं नाही, नुसती एक घोंगडी दिली. पोत्यांच्या मधे जागा करून घेतली आहे. पहाटे जाग येते तेव्हा चारी अंगांना कोंड्याची पोती असतात.

कौसाबाईंना हे पचेना. अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, काय रे महिपती, तुझ्या आईच्या घरात वाडी वसवलीस? देव्हारा तरी झाकून ठेवलास का? मी म्हणालो, आजी, देवाला विचारलं, त्याला चालतं. त्या फणकारून गेल्या. मग दोन-तीन संध्याकाळी त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या, आत काय बोलणं चाललंय ते ऐकायच्या, आणि जायच्या. मग एका संध्याकाळी काखेत चटई घेऊन आल्या. म्हणाल्या, माझंही अंग दुखतंय, मलाही घ्या तुमच्यात. त्यांची लेक सासरी जळाली त्याला किती वर्षं झाली, तुला आठवत असेल. मला ते आठवलंही नव्हतं. त्यांना मधे घेतलं म्हणे. विठा कडेला गेली.

आत काय बोलतात मला माहीत नाही. एकदा सकाळी दूध द्यायला गेलो तर आतून हसणं ऐकू आलं. पाच जणींचं. विठाचं हसणं मी कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून त्यातलं तिचं कोणतं ते ओळखता आलं नाही. मी दुधाचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि परत आलो. हे चांगलंच झालं आहे. तरी गिरणीपर्यंतचा रस्ता त्या दिवशी लांब वाटला.

ठाण्याला जाऊन आलो. मी, विठा आणि चंद्री. कचेरीत कारकुनाने तुझं नाव, पासपोर्ट, कंपनी सगळं लिहून घेतलं. विठाने अंगठा दिला. मग त्याने माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, हे कोण? मला वाटलं चंद्री उत्तर देईल. विठानेच दिलं. "माझे भासरे. घरातले मोठे." तिचा आवाज मी भिंत मधे नसताना पहिल्यांदा ऐकला. आहे त्याहून लहान पोरीचा वाटतो.

बातमी काही नाही. नाव वर पाठवतो म्हणाला. बाहेर आल्यावर चंद्रीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मला म्हणाली, "दादा, ते दुसरं ठाणं कुनीकडं हाय? आता आलोच हाय तर तुमालाच दाखवून येऊ." विठाने पदर तोंडात धरला. तेव्हा कळलं तिचं हसणं कोणतं ते.

ताटं अजून दोनच वाढली जातात. पण दुसरं आता कुत्र्याला जात नाही. बायका वाटून खातात. विठा म्हणते, म्हणजे दिव्याला म्हणते, की त्यांच्या नावाचं आहे, वाया जाऊ नये.

महिपती


सोनिवली, ३ नोव्हेंबर १९९०

अनंता,

हे पत्र लिहिताना दिवा मधे आहे आणि पलीकडे विठा बसली आहे. तांदूळ निवडते आहे. का बसली आहे ते शेवटी येईलच.

दिवाळीनंतर भातकापणी लागली. चंद्री, राही आणि नवसी आपापल्या कामाला गेल्या. कौसाबाई चटई इथेच ठेवून गेल्या आहेत, वाटेल तेव्हा येतात. मी परत घरी, पुढच्या ओटीवर निजतो.

गुरुवारी गिरणीवर एक माणूस आला. अंबरनाथला बुवापाड्यात राहतो, रघु नाव. तिकडे स्वयंपाकी होता. पँट अंगावर लोंबत होती, एवढा वाळला आहे. त्याने आधी पाणी मागितलं, दोन तांबे प्यायला, मग शर्टाच्या आत हात घालून प्लास्टिकची पिशवी काढली. तुझं पत्र. तो ऑगस्टच्या आरंभी रजेवर येणार होता, म्हणून तू त्याच्या हाती दिलं होतंस. तो अडकला. मग वाळवंटातून, छावणीतून, विमानातून ते पत्र त्याने छातीशी धरून आणलं. तुझं मात्र त्याला नक्की काही सांगता येईना. लढाई लागल्यावर भेट झाली नाही म्हणाला. तुमच्या कंपनीची माणसं जहाजासाठी बंदराकडे गेली एवढं ऐकलं होतं. म्हणाला, येतील, दादा. विष्णुपंत मागून म्हणाले, दोन दिवसांत. या वेळी मला त्यांचा राग आला नाही.

घरी येईपर्यंत एकच विचार करत होतो. पत्रावर तारीख होती तीस जुलै. लढाई लागायच्या आधीची. ती तारीख मी वाचली नाही, तर विठाला वाटेल की पत्र आत्ताचं आहे, तू सुखरूप आहेस. ती पोटभर जेवेल. वाचली, तर काय होईल याची मला भीती वाटत होती. नदीला आता पाणी कमी आहे, पण कमी पाणीही पाणीच असतं.

आता तुला आधीची एक गोष्ट सांगायला हवी. तुझ्या पत्रांत माझं नाव कधी नसायचं. एकदाही नाही. पण विठापुढे ते तसंच वाचायला मला जड जायचं. भाऊ भावाशी बोलत नाही हे तिला कशाला कळावं, असं वाटायचं. म्हणून शेवटी मी माझ्या मनाने एक ओळ घालायचो. दादांना नमस्कार सांग, त्यांना म्हणावं काळजी करू नका. ती ओळ मी सहज वाचायचो.

तर परवा देव्हाऱ्यासमोर बसलो. दिवा लावला. दाराआड बांगड्या वाजल्या. पाकीट उघडलं आणि तारीख सोडून, "प्रिय विठा" पासून वाचायला लागलो. तिथला उन्हाळा, खोलीतली माणसं, तिच्यासाठी घेतलेली साडी. वाचत गेलो. आणि शेवटी ही ओळ आली.

"दादाला सांग, निघताना मी पाया पडलो नाही. आल्यावर आधी ते करीन, मग घरात येईन."

माझा आवाज गेला. ओळ डोळ्यांसमोर होती, पण तोंडातून निघेना. दिव्याची वात नीट केली. चष्मा पुसला. परत पाहिलं, तरी निघेना.

आतून पावलं वाजली. विठा दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. दिव्याकडे नाही, देवाकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाली,

"दादा, पुढं वाचा."

मी वाचलं. कसंबसं.

ती म्हणाली, "ही ओळ त्यांनी लिहिलेली आहे. आधीच्या तुमच्या असायच्या."

मी मान खाली घातली.

"त्या तुम्ही पोथीसारख्या वाचायचात, न अडखळता. ते कधी पोथीसारखं लिहीत न्हाईत." मग म्हणाली, "तारीख वाचली न्हाईत."

खोटी तारीख सांगणं अवघड नव्हतं. तिला वाचता येत नाही. पण ती माझ्यासमोर उभी होती, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला कसं फसवावं, ते मला येत नाही. भिंतीआडून जमायचं.

"तीस जुलै," मी म्हणालो. "लढाईच्या आधीचं आहे, विठा. आत्ताची खबर यात नाही."

ती खाली बसली. तिथेच, उंबऱ्यावर. मीही उठलो नाही. चंद्रीने सांगितलेलं आठवलं की बोलायचं काही नसतं. ती रडली. मी उंबऱ्याच्या अलीकडे बसून राहिलो. तिचा श्वास वर-खाली होत होता, तो मला कळत होता.

मग तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, भाताला आधण ठेवू का. मी म्हणालो, ठेव. तिने तीन ताटं घेतली. तुझं, माझं आणि तिचं. तिघांची एकाच ओळीत मांडली. सून भासऱ्याच्या पंगतीला बसलेली पाहून आईने काय म्हटलं असतं, माहीत नाही. बहुधा म्हणाली असती, मीठ वाढ गं त्याला.

तिकडची टपाल अजून बंदच आहे. आधीच्या पत्रांबरोबर हेही देव्हाऱ्यात ठेवतो. तू आलास की तुला मिळतील. पायांचं तू लिहिलंस, पण मला त्याची घाई नाही. आशीर्वाद पहिल्याच पत्रात दिला आहे.

विठाला आत्ता विचारलं, तुझ्याकडून काही लिहायचं आहे का. तिने तांदळातून मान वर केली, विचार केला. म्हणाली, मी सांगते तसंच लिहा, तुमच्या मनाचं घालू नका. म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो.

"घरात बोलायला माणूस आहे. तुम्ही सावकाश या, पण या."

तुझा दादा,
महिपती